बाई, तुमच्या घरी आत्ता कोण आहे?

३ मार्च, सोमवार

घरोघरी पेशंट सांभाळणाऱ्या बायकांच्या आमच्या संघटनेचं पत्रक छापून आलं. शाईचा वासही गेला नव्हता, तेवढ्यात एक प्रत ह्यांच्या हातात नेऊन दिली. (आयुष्यभर एकेक रूढी मोडत आले, पण नवऱ्याला ‘हे’ म्हणणं काही सुटलं नाही. मैत्रिणी हसायच्या, अजूनही हसतात.) उभं आयुष्य छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेला माणूस आणि तिथल्या युनियनचा पुढारी. छापलेला कागद हातात आला की आजही डोळे चमकतात. अर्धांगवायूने उजवी बाजू नेली आणि वाचाही नेली. तीन शब्द उरले आहेत. ‘हो’, ‘नको’ आणि ‘च्यायला’. डॉक्टर म्हणतात, शिव्या मेंदूच्या वेगळ्या कप्प्यात असतात, तो कप्पा शाबूत आहे. युनियनमध्ये तो बराच वापरलेला होता.

डाव्या हाताचं बोट ओळींखालून सरकत गेलं आणि एका ओळीवर थांबलं. ‘आठवड्यातून एक दिवस हक्काची, भरपगारी सुटी.’ मला वाटलं, छपाईची चूक सापडली. चष्मा लावून अक्षरन् अक्षर पाहिलं. चूक काही नव्हती. “बरोबर आहे हो सगळं,” मी म्हटलं. बोट तिथेच. “नको,” म्हणाले. मग “च्यायला.” दमले असतील. पत्रक काढून घेतलं.

मावशी ह्यांची उशी सारखी करत होत्या. त्यांनाही एक प्रत दिली. “घरी वाचते,” म्हणून त्यांनी घडी करून पिशवीत ठेवली. मावशी आमच्याकडे सहा वर्षं आहेत, ह्यांच्या आजारपणाइतक्या जुन्या. आधी एजन्सीमार्फत यायच्या. एजन्सीवाला त्यांच्या पगारातला तिसरा हिस्सा खायचा, म्हणून पहिल्याच वर्षी मी त्यांना त्याच्या हातून सोडवलं आणि थेट ठेवून घेतलं. सकाळी येतात, संध्याकाळी ह्यांचं जेवण झालं की जातात. सुटीचा वार असा ठरवलेला नाही. लागेल तेव्हा घ्या, असं पहिल्या दिवसापासून सांगितलंय. मागितली आणि दिली नाही असं एकदाही झालेलं नाही. त्याच मागत नाहीत.

घरात सगळे त्यांना अहो-जाहो करतो. मुलीलाही तशीच सवय लावली.

६ मार्च, गुरुवार

शाळेच्या सभागृहात बैठक. पेशंट सांभाळणाऱ्या एवढ्या बायका एका जागी मी प्रथमच पाहिल्या. अर्ध्या रात्रपाळी करून तशाच आलेल्या, भिंतीला टेकून पेंगत होत्या. मी श्रमाच्या मोलावर बोलले. म्हटलं, कारखाना एका दिवसासाठी बंद पडला तर मालकाचं नुकसान मोजता येतं. तुम्ही एक दिवस बंद पडलात तर सगळं शहर बंद पडतं, कारण तुम्ही म्हाताऱ्यांना सांभाळता म्हणून त्यांची मुलं कामाला जाऊ शकतात. टाळ्या पडल्या.

पण सभा जिंकली ती तोफेने. तोफ म्हणजे मावशींची धाकटी जाऊ. आवाज तसा आहे म्हणून सगळ्याजणी तोफच म्हणतात, आणि तिलाही ते आवडतं. तिला या कामात मावशींनीच आणलं. ती उठली आणि म्हणाली, “आपल्याला सगळे मावशी म्हणतात. कानाला गोड लागतं. पण मला सांगा, मावशीला कुणी सुटी देतं का? मावशीला कुणी जादा कामाचे पैसे देतं का? मावशी म्हणतात ते याच्यासाठीच!”

सभागृह हसून कोसळलं. मीही पोट धरून हसले. ह्यांच्याजवळ तासभर शेजारीण बसली होती, म्हणून मावशीही आल्या होत्या, मागच्या रांगेत. त्या हसताना पदर तोंडावर धरतात.

संप करायचा ठरला तर जे अगदी अंथरुणाला खिळलेत त्यांचं काय, असा प्रश्न निघाला. त्यावर मी एक तोडगा सुचवला आणि तो मान्य झाला. अशा घरांनी संपसमितीकडे नाव द्यायचं, तिथे बाई किती तास राबते आणि सुटी कधी मिळते ते सगळ्यांसमोर सांगायचं. समिती मग दोन-दोन बायका पाळीने पाठवेल, विनामोबदला. म्हणजे पेशंटचे हाल नाहीत आणि संपही फुटत नाही. आमचे सेक्रेटरी म्हणाले, “बाई, तुम्ही नसता तर काय झालं असतं!” ह्या सेक्रेटरींच्या घरी दोन मोलकरणी आणि एक स्वयंपाकीण आहे, आणि भाषणं ऐकावीत तर! लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

११ मार्च, मंगळवार

एजन्सीवाल्यांनी चर्चेला नकार दिला. सोमवारपासून संप. कुणीही, कुठल्याही घरी कामाला जायचं नाही.

दुपारी स्वयंपाकघरात मावशींशी बोलले.

“सोमवारपासून संप आहे.”

“हो. जाऊ सांगत होती.”

“मग तुम्ही काय ठरवलंय?”

त्या पातेलं पुसत होत्या. “तुम्ही म्हणाल तसं.”

“हे असं नाही चालायचं, मावशी. तुमचं तुम्ही ठरवायचं. संघटना कशासाठी मग?”

“सगळ्या जाणारेत, तर मीपण...”

“जरूर जा. ह्यांचं काय करायचं ते मी बघेन. पाठीची जखम आत्ता कुठे भरत आलीय, आणि दुसऱ्या कुणाचा हात ह्यांना चालत नाही, तुम्हाला माहीतच आहे. पण त्याचा विचार तुम्ही करू नका.”

बराच वेळ त्या तेच पातेलं पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, “येत जाईन मी.”

मी कसलाही दबाव आणला नाही, हे इथे लिहून ठेवते. आणि नीट विचार केला तर हा संप एजन्सीवाल्यांविरुद्ध आहे. मावशी एजन्सीच्या नाहीतच. आमच्या घरात दलाल नाही, नफा नाही. मग संप नेमका कुणाविरुद्ध होणार? ह्यांच्याविरुद्ध?

१६ मार्च, रविवार

उद्यापासून. समितीकडे नाव द्यावं का, असं एकदा मनात आलं होतं. पण नियम आपणच करायचा आणि पहिली सवलत आपणच उचलायची, हे बरं दिसत नाही. शिवाय तास नि सुट्या सगळ्यांसमोर सांगत बसायचं, आणि ऐकणाऱ्याला त्यामागची आपुलकी कशी कळणार? उगाच गैरसमज व्हायचे.

मावशींना म्हटलं, समोरच्या रस्त्यावर बायकांची ये-जा असेल, कुणी काही बोललं तर तुम्हालाच त्रास. काही दिवस मागच्या जिन्याने या. त्या ‘बरं’ म्हणाल्या. अॅप्रन घालून न येता पिशवीत आणायचं त्यांचं त्यांनाच सुचलं.

आम्ही हे बोलत होतो तेव्हा हे जागे होते.

१७ मार्च, सोमवार

काय दिवस होता! एजन्सीच्या कचेरीसमोरचा सगळा रस्ता बायकांनी भरला. उन्हातान्हात बसल्या, गाणी म्हणाल्या. कितीतरी जणींनी आयुष्यात पहिल्यांदा सोमवारी दिवसाउजेडी आकाश पाहिलं, असं एक म्हणाली. एक वार्ताहर मुलगी आली होती, तिने माझे फोटो काढले. पायात पेटके आले, पण मन तिशीतलं झालं होतं.

घरी आले तर मावशींचं तोंड उतरलेलं. ह्यांनी दिवसभर काही खाल्लं नाही. सूप दिलं, नको. दूध दिलं, नको. तोंड मिटून भिंतीकडे वळले. संध्याकाळी मी भरवलं तर वाटीभर मुकाट्याने संपवलं. पोट बिघडलं असावं.

१८ मार्च, मंगळवार

आजही तेच. मावशींनी अंग पुसायला घेतलं तर डाव्या हाताने टॉवेल ढकलला. पाण्याचं भांडं उपडं झालं. डॉक्टरांना बोलावलं. पोट, छाती, जीभ, सगळं तपासलं. काही नाही. “रात्री जेवतात ना? मग भूक आहे. मन रमत नसेल. तुम्ही दिवसभर घरी नसता, त्याचा रुसवा असेल,” म्हणाले. मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. एवढ्या वर्षांनी माणूस आपल्यासाठी रुसतो.

१९ मार्च, बुधवार

लिहू की नको असं झालंय.

धरण्याच्या जागी मी बोलत होते. एजन्सीवाले कसे एकेका घराशी वेगळं बोलून फूट पाडतात, आणि फूट हेच मालकाचं पहिलं हत्यार कसं असतं, हे चाललं होतं. ऐन रंगात असताना मागून एक बाई उठली. साधी, किडकिडीत, ओळखीची नव्हती. विचारण्यात खोच नव्हती, काळजीच होती.

“बाई, तुम्ही तीन दिवस इथे बसलाय. तुमचे मालक तर अंथरुणाला आहेत म्हणे. तुमच्या घरी आत्ता कोण आहे?”

“शेजारीण आहे,” मी म्हटलं.

शब्द तोंडातून गेल्यावर मला कळलं की मी काय बोलले. विचार करून बोलले असते तर वेगळं काही म्हटलं असतं का, ते सांगता येत नाही. ती बाई म्हणाली, “पुण्य लागेल हो त्या शेजारणीला. पण आम्हाला का नाही सांगितलंत? मी आले असते की.” आणि खाली बसली. तोफ पहिल्या रांगेत होती. ती पायाखालची माती काडीने उकरत बसली होती, वर पाहिलं नाही.

मी भाषण पुढे चालू केलं. कुठवर आलं होतं ते मात्र आठवेना.

२० मार्च, गुरुवार

दुपारी औषध द्यायला घरी आले तर मागच्या जिन्यावर आवाज. पहिल्या वळणावर, दुकानातून परतलेल्या मावशी भिंतीला पाठ लावून उभ्या, आणि भोवती चार-पाच बायका. तोफेच्या हातात मावशींची पिशवी. तिने अॅप्रन ओढून बाहेर काढलं आणि झेंड्यासारखं धरलं.

“हे काय आहे, जाऊबाई? हे काय आहे?”

मावशींनी पिशवीला हात घातला, तिने ती मागे ओढली.

“मला या कामाला तुम्ही लावलंत. पहिल्या दिवशी माझा हात धरून नेलंत. पेशंटची कूस कशी बदलायची ते तुम्ही शिकवलंत. आणि आम्ही तिकडे उन्हात भाजतोय तर तुम्ही चोरासारख्या इकडून...” पुढे तिचा आवाज फुटला. तोफेला रडताना मी पाहीन असं वाटलं नव्हतं.

तेवढ्यात त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. मी दोन पायऱ्या खाली होते.

मावशीच आधी बोलल्या. “बाईंना काही बोलू नका. बाई नको नको म्हणत होत्या. मीच ऐकलं नाही. काकांकडे बघवेना मला.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तोफेने जास्त वेळ पाहिलं.

मी म्हणाले, “जाऊ द्या ग. त्यांना बोलू नका. चूक होते माणसाकडून.”

हे असंच म्हणाले. शब्द बदललेले नाहीत.

तोफेने अॅप्रन पायरीवर टाकलं आणि सगळ्या निघून गेल्या. मावशींनी ते उचललं, झटकलं, आणि “काकांच्या औषधाची वेळ झाली” म्हणून वर गेल्या.

मावशींनी प्रसंग सावरला. त्या क्षणी मी खरं सांगितलं असतं तर उद्याची बोलणी मोडली असती, एजन्सीवाल्यांनी आनंदाने टाळ्या पिटल्या असत्या. एका माणसाच्या मानापेक्षा एवढ्या जणींची भाकरी मोठी. हे मी संध्याकाळपासून स्वतःला सांगते आहे. हिशेबात कुठे चूक दिसत नाही, आणि तरी घास उतरला नाही.

२१ मार्च, शुक्रवार

मावशी आल्या होत्या. आज समोरच्या दाराने. आता काय लपवायचं, म्हणाल्या. मी म्हटलं, घरी जा. त्या म्हणाल्या, “घरी जाऊन कुणाशी बोलू?”

दुपारी मी दारातून पाहिलं. त्या चमचा घेऊन बसल्या होत्या आणि हे दाराकडे बोट दाखवून, सगळा जीव एकवटून, एक नवा शब्द काढत होते. “जा.” सहा वर्षांत नवा शब्द! आनंद व्हायला हवा होता. आजाराने माणूस किती कठोर होतो. मावशींच्या डोळ्यांना धार लागली होती.

२४ मार्च, सोमवार

जिंकलो. आठ तासांची पाळी, आठवड्याची भरपगारी सुटी, एजन्सीचा हिस्सा अर्ध्यावर. बोलणी मीच केली. कलम वाचून दाखवताना माझा आवाज स्थिर होता. वर्तमानपत्रात फोटो आलाय, त्यात मी मुठी आवळून उभी आहे. सेक्रेटरी म्हणाले, इतिहास घडवलात.

फोटो ह्यांच्यासमोर धरला. डोळे मिटून घेतले त्यांनी.

२८ मार्च, शुक्रवार

संघटनेने सभासदांना ओळखपत्रं द्यायला सुरुवात केली. यापुढे ओळखपत्र असलेल्या बाईलाच कामावर घ्यायचं, असं कलम करारात आहे. ते कलम माझंच. मावशींना ओळखपत्र द्यायचं नाही असा ठराव झाला. मी बैठकीला होते. हात वर झाले तेव्हा मी कागदपत्रं आवरत होते.

मावशींनी घरी येऊन त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मीच विचारलं, घरी कसं आहे? आमच्या दोन खोल्यांच्या मधे दार होतं, म्हणाल्या. मावशींची खोली आणि जावेची खोली एकाच भिंतीच्या दोन बाजूंना. ते दार दिवसभर उघडंच असायचं, पोरं इकडून तिकडे करायची. “आता तिने तिकडून कपाट लावलंय.” एवढंच.

५ एप्रिल, शनिवार

मावशी काम सोडून गेल्या.

मोठ्या शहरात एका घरी चोवीस तास राहायचं काम मिळालंय. तिथे ओळखपत्र कुणी विचारत नाही. मी म्हटलं, चोवीस तास म्हणजे काय हो, त्याच्याविरुद्धच तर आपण... आणि थांबले. त्या म्हणाल्या, “आपण नाही बाई. तुम्ही.” टोमणा नव्हता. वर्गात एखादं पोर चुकलेला शब्द दुरुस्त करतं तसं.

ह्यांच्या पायाशी बसून त्यांनी नखं कापून दिली. ह्यांनी आज हात ओढून घेतला नाही, उलट त्यांच्या डोक्यावर ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मला काहीच उमगेना. कालपरवापर्यंत ‘जा’ म्हणणारा माणूस!

दारातून बाहेर पडताना आपण ‘येते’ म्हणतो. जाणारं माणूसही ‘येते’च म्हणतं. मावशी “जाते मी” म्हणाल्या.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. तिला सगळं सांगितलं, म्हणजे मला जसं सांगावंसं वाटलं तसं. ती ऐकत होती. मग तिने विचारलं, “आई, संपात बाबा कुणाच्या हातून खायचे?”

“माझ्या. संध्याकाळी.”

“आणि दिवसा?”

“दिवसा नको म्हणायचे. तोंड मिटून घ्यायचे. डॉक्टर म्हणाले, रुसवा आहे.”

“छापखान्याच्या संपात काका कामावर गेला, तर बाबांनी सख्ख्या भावाच्या हातचं पाणी जन्मभर घेतलं नाही. विसरलीस तू? तुला खरंच कळलं नाही, आई, की कळून घेतलं नाहीस?”

फोन ठेवून मी ह्यांच्याजवळ जाऊन बसले.

“तुम्हाला सगळं समजत होतं?”

“हो.”

“मावशींचा राग होता?”

“नको.” म्हणजे नाही. ह्यांच्याकडे ‘नाही’ नाही.

“माझा?”

माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “हो.”

१३ एप्रिल, रविवार

आज संघटनेच्या बैठकीत उठून सांगितलं. सगळं सांगितलं. शेजारीण नव्हती, मागचा जिना मी सुचवला, मावशी येणार नव्हत्या, मी यायला लावलं, तेही असं की मला स्वतःला कळू नये. मनाची पूर्ण तयारी करून गेले होते, की शिव्या देतील, हाकलून देतील. थोडी आशाही होती हाकलून देतील अशी. म्हणजे फिटलं असतं.

दोघीचौघींनी खाली पाहिलं. एकीने “चहा सांगू का बाईंना?” असं हळूच विचारलं.

बैठक संपल्यावर तोफेला गाठलं. “तू तरी काही बोल.”

“काय बोलू? आम्हाला माहीत होतं.”

“कधीपासून?”

“तुम्ही शेजारीण म्हणालात तेव्हापासून. तुमची शेजारीण आमच्यातच बसली होती, धरण्याला. तिच्या सासूला बघायला जाते ना आमची एक, म्हणून आली होती पाठिंब्याला.”

“मग जिन्यावर मला का नाही धरलंत? मावशींनाच का?”

तोफेचा आवाज आज कधी नव्हे तो खाली होता. “तुम्हाला धरलं असतं तर दुसऱ्या दिवशी बोलणी कुणी केली असती? आमच्यात कोण आहे त्या लोकांसमोर कायद्याची भाषा बोलणारं? पत्रकावर तुमचं नाव, पेपरात तुमचा फोटो. तुम्हाला काढून चाललं नसतं. जाऊबाईंना काढलं तर कुणाचं काय अडतं?” जरा थांबून म्हणाली, “आम्हीपण तेच केलं बाई, जे सगळे करतात. जिचं नसलं तरी चालतं, तिला टाकलं. कपाट लावलं ना, त्या रात्रीपासून मला झोप नाही. पण आता सरकवू कुणासाठी?”

मी म्हटलं, ओळखपत्राचा ठराव मागे घेऊ. ती म्हणाली, घेऊ. सगळ्यांना परत आत बोलावून घेतलाही. एकमताने. त्या वेळी हात वर करायला मी पहिली होते. काय उपयोग.

तिच्याकडून पत्ता मागून घेतला.

२ मे, शुक्रवार

नव्या बाई येतात, त्यांच्याकडे ओळखपत्र आहे. आठ तास झाले की पिशवी उचलतात. “उद्या रविवार नाही, पण माझी सुटी आहे,” असं आज ठणकावून सांगितलं. बरोबरच आहे. त्यानंतरचं सगळं माझ्यावर. पहिल्या दिवशी ह्यांना कुशीवर वळवताना माझी कंबर धरली, ह्यांचा खांदा पलंगाच्या कडेला आपटला. “च्यायला,” म्हणाले. मीही म्हणाले. बऱ्याच दिवसांनी दोघं हसलो.

डायपर बदलणं, बेडपॅन, पाठ पुसणं, पावडर. सहा वर्षं हे माझ्या घरात रोज होत होतं. यावर मी दोन लेख लिहिलेत, त्यांतला एक बक्षीस मिळालेला. मला वाटायचं, मला या कामाबद्दल माहिती आहे. नुसती माहितीच होती.

११ मे, रविवार

मुलगी दोन दिवस येऊन ह्यांच्याजवळ राहिली, म्हणून जाता आलं.

मोठी इमारत, तिसरा मजला. दार उघडलं ते घरच्या मालकिणीने. माझ्याहून लहान, हसऱ्या चेहऱ्याची, बोलणं फार मऊ. मी नाव सांगितलं तर म्हणाली, “अगबाई, तो संप तुम्हीच ना? आम्ही वाचलं होतं. किती मोठं काम करता हो तुम्ही! या ना.” आणि आत वळून, “मावशी, पाणी आणता?”

मावशी दोन पेले घेऊन आल्या. एक पेला त्यांनी मला दिला, एक मालकिणीला. आणि भिंतीशी उभ्या राहिल्या. मी उठले, बसा म्हणाले. त्या बसल्या नाहीत. माझं ते घर नव्हतं.

“फार मायेच्या आहेत,” मालकीण म्हणत होती. “आमच्या सासूबाईंना यांच्याशिवाय कुणाचा हात चालत नाही. अगदी घरच्यासारख्याच झाल्यात.”

ती खरंच चांगली बाई आहे. त्यात तिळमात्र खोट नाही. तिच्याकडे बघताना मी हातातलं पाणी प्यायचं विसरले.

लिफ्टपर्यंत सोडायला मावशी बाहेर आल्या. तेवढाच काय तो एकांत. मी घाईघाईने सगळं बोलले. मी सगळ्यांसमोर सांगितलंय, ठराव मागे घेतलाय, ओळखपत्र तयार आहे, आठ तास, सुटी, तुमची जाऊ वाट बघतेय.

“ती तसं म्हणाली?”

खोटं बोलणं सोपं होतं. “नाही. पण तिला झोप लागत नाही म्हणाली.”

मावशी जिन्याच्या खिडकीतून खाली बघत राहिल्या. “राहू दे बाई. तिथे आता सगळ्या माझ्याशी चांगलं वागतील. ते मला नाही सोसणार. इथे मला कुणी ओळखत नाही, तेच बरं आहे.”

“मावशी, माझ्यामुळे...”

“काका जेवतात का नीट?”

“जेवतात.”

“कुणाच्या हातून?”

“दुपारी नव्या बाईंच्या. बाकी माझ्याच.”

“कूस बदलता?”

“बदलते. पाठीची जखम भरली.”

“मग झालं,” त्या म्हणाल्या. मी माफी मागितली की नाही, मला आठवत नाही. मागितली असावी. त्यांनी “असू दे” म्हटल्याचं आठवतं, पण ते कशाला म्हटलं ते नाही.

लिफ्ट आली. जुन्या पद्धतीची, जाळीचं दार हाताने ओढायची. मावशींनी पुढे होऊन दार उघडून धरलं आणि मी आत शिरले. तेवढ्यात घरातून हाक आली, म्हातारीची, खोल गेलेल्या आवाजातली. मावशी तशाच वळून धावल्या. दार उघडं राहिलं. ते लागल्याशिवाय लिफ्ट हलत नाही. मी आतून हात घालून ओढून पाहिलं, कुठे अडकत होतं कोण जाणे, सरकेना.

मी तशीच उभी राहिले. थोड्या वेळाने मावशी परत आल्या. एक हात ओला होता. “ते जरा उचलून ओढावं लागतं,” म्हणाल्या, माझ्यासाठी दार लावून दिलं, आणि परत आत गेल्या.

खाली पोचल्यावर मला सुचलं, की त्या वळल्या तेव्हाच मी बाहेर यायला हवं होतं. तीन मजले पायी उतरायला मला काय धाड भरली होती.